दोन तृतीयांश आर घन

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. उद्या कुणी विचारलं की कारभार सुधारला कधीपासून, तर तारीख हाताशी असावी.

सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णासोंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. महिनाभर धूळ नाही, भट्टीचा उजेड नाही. शिरोली एमआयडीसीतली फौंड्री तोवर माझ्याकडे. काल जेवताना अण्णा म्हणाले, हुबळीच्या पार्टीची आठ नगांची ऑर्डर आहे, तुम्ही एकट्यानं पार पाडा. बरोबर गेली तर एक तारखेला फौंड्रीच्या किल्ल्या तुमच्या.

चार वर्षं सासऱ्याच्या घरी फुकटचं खातोय, असं शाहूपुरीतल्या कुत्र्यालाही वाटतं. कॉलेजनं मला काढलेलं नाही. तासिका तत्त्वावरचे तास संपले, एवढंच. एम.एस्सी. मॅथ्स, फर्स्ट क्लास. अख्ख्या एमआयडीसीत दुसरा दाखवा.

संकल्प: रोज साडेआठला हजर. कुणाशी हसून बोलायचं नाही. महिनाअखेर प्रत्येकाच्या तोंडी ‘साहेब’ आलं पाहिजे. सध्या सगळे ‘पावणं’ म्हणतात. लग्नाच्या मांडवातून थेट उठून आल्यासारखं वाटतं.

३ नोव्हेंबर.

पोचलो सव्वादहाला. लुना सुरू होईना. गेटातच वाळूचे साचे भरणारा बाळासो मोल्डर ओरडला, पावणं आलं, च्या सांगा रं. हसलो नाही. चहा घेतला.

हुबळीचं ड्रॉइंग बघितलं आणि अंगावर काटाच आला. कुठल्याशा मशिनला मागं लावायचं वजन आहे. तळ अर्धवर्तुळ, सरळ कड सातशे मिलिमीटर. सरळ कडेला धार, तिथून चढत चढत गोल कडेच्या मध्यावर साडेतीनशे उंच. सरळ कडेला आडवा कुठंही कापा, काप काटकोन त्रिकोण! बारावीला हेच गणित मी सात वर्षं शिकवलं. देवानंच ऑर्डर पाठवली म्हणायची.

४ नोव्हेंबर.

पॅटर्नमेकर ज्ञानू मिस्त्रीशी बोलणं झालं. बोलणं कसलं, त्यानं माझ्याकडं पाठ करून ऐकलं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, उरलेल्या खड्ड्यात लोखंडाचा रस ओतायचा. पोरं ओढ्याकाठी असेच खेळ खेळतात. याच्या जिवावर ज्ञानू तीस वर्षं मिशीला पीळ देऊन बसलाय. शिक्षण सातवी, तेही संशयास्पद.

हुबळीचा पॅटर्न दिवाळीआधीच करून ठेवलाय म्हणे. मला न विचारता.

५ नोव्हेंबर. दुपारी ४.

ऐतिहासिक दिवस. केबिनच्या फळ्यावर इंटिग्रेशन मांडलं. वस्तूचे पातळ पातळ काप करायचे, एका कापाचं क्षेत्रफळ काढायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांची बेरीज. उत्तर: दोन तृतीयांश आर घन, आर म्हणजे त्रिज्या. लोखंडाच्या घनतेनं गुणलं, दोनशे सहा किलो. ड्रॉइंगवर छापलंय तेवढंच! डोळ्यांत पाणी आलं. भट्टीच्या धुराचंही असेल.

ज्ञानूला आणि बाळासोला बोलावून पाऊण तास समजावलं. बाळासो उभ्या उभ्या पेंगला. ज्ञानू बाहेर गेला, पॅटर्न काट्यावर ठेवला, म्हणाला, एकोणीस किलो. सागवान हाय, लोखंड अकरापट जड, अकरानं गुणा. दोनशे नऊ. झालं की पावणं, खडू कशाला झिजवायलाय.

सगळे हसले. नावं लिहून ठेवली आहेत.

पण दोनशे नऊ का? तीन किलो जास्त कुठून आले? या माणसाच्या कामात खोट आहे. शोधणार.

६ नोव्हेंबर.

सापडली!!

जेवणाच्या सुट्टीत पॅटर्न माझ्या टेपनं मोजला. सरळ कड सातशे सात. उंची साडेतीनशेपेक्षा साडेतीन मिलिमीटर जादा. सगळीकडं शेकडा एक जास्त. मग ज्ञानूची स्टीलची पट्टी उचलली आणि माझ्या पट्टीला लावली. त्याचं एक मीटर माझ्या मीटरपेक्षा तब्बल दहा मिलिमीटर लांब! खोटी पट्टी. तीस वर्षं हा माणूस खोट्या पट्टीनं मापं घेतोय आणि अण्णा त्याला दसऱ्याला धोतरजोडी देतात.

एका इंटिग्रेशननं तीस वर्षांचं पाप बाहेर काढलं.

७ नोव्हेंबर.

ज्ञानूला सगळ्यांसमोर जाब विचारला. शरम नाही. म्हणाला, ती पट्टी तशीच असतीया. लोखंड गार झालं की आकसतंय पावणं. म्हणून पॅटर्न मोठा करायचा. पट्टीच वाढीव घेटली की हिशेब करायला नगो.

मला शिकवतो! आकसणं-प्रसरण पावणं अकरावीच्या फिजिक्समध्ये मी पाठ केलंय. लोखंडाचा आकडा अजून आठवतो: ०.००००१२. दशांशचिन्हापुढं चार शून्यं. ज्याच्यापुढं चार शून्यं त्याला गणितात नगण्य म्हणतात. तसं सांगितलं. तो म्हणाला, शून्य तुमी मोजा, मी लोखंड मोजतोय. अण्णास्नी इचारा एकदा.

विचारणार नाही. आजारी माणसाला त्रास देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय एकट्यानं पार पाडायचं ठरलंय. सोमवारपर्यंत पॅटर्न तासून सातशेवर आणायचा हुकूम दिला.

९ नोव्हेंबर, सोमवार.

ज्ञानूनं रंध्याला हात लावला नाही. चुकीचं काम माझ्या हातनं हुणार न्हाय, म्हणाला. मी म्हणालो, मग हात घरी घेऊन जा. त्यानं हत्यारं फडक्यात बांधली, पट्टी मागितली. मी दिली नाही. पुरावा आहे. तशीच बॅगेत घालून घरी आणली, कपाटात माझ्या सुटाच्या मागं ठेवली. तो राधानगरीच्या एस.टी.नं गावी गेला.

आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

रात्री अण्णांनी विचारलं, ज्ञानू काय म्हणतोय? म्हटलं, भाताच्या कापणीला गेलाय. ही थाप नव्हे. त्याच्या गावात कापणी चालूच असणार.

पवित्रानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. बायको आहे, पण आधी अण्णांची मुलगी आहे हे विसरून चालायचं नाही.

१० नोव्हेंबर.

शाहूपुरीतून हंबीरराव सुतार आणला. शोकेस, दिवाण, टीव्हीची स्टँडं करतो. माणूस लाख. पहिल्या वाक्यात ‘साहेब’. प्रश्न एकच विचारला, सनमायका लावायचा का. म्हटलं नको. संध्याकाळपर्यंत पॅटर्न सातशेवर सातशे. वर फ्रेंच पॉलिशही मारून दिलं. तोंड दिसतं त्यात.

१३ नोव्हेंबर.

पहिला साचा. वाळूतला खड्डा मी स्वतः गुडघ्यावर बसून मोजला. सातशे. साडेतीनशे. बाळासो मागून म्हणाला, पावणं, पॅटर्न ल्हान केलायसा व्हय? ज्ञानूमामास्नी ठावं हाय न्हवं? त्याला सांगितलं, इथं मामा कुणी नाही, मी आहे. मान हलवून गेला. या लोकांना मान हलवण्याचे वेगळे पैसे मिळतात की काय!

रस ओतला. काय तो रंग. घाम, ठिणग्या, आणि मध्यभागी मी. केबिनमध्ये अण्णांची खुर्ची आहे तिच्यात आज पहिल्यांदा पाठ टेकून बसलो. आजवर काठावर बसत होतो.

१६ नोव्हेंबर.

पाच नग तयार. माल मोजायची गरज नाही. साचा बरोबर तर माल बरोबर. यालाच लॉजिक म्हणतात, पण एमआयडीसीत हा विषय कुणाला नसावा.

एक किरकोळ बाब. नग काट्यावर ठेवला तर दोनशेला जरा कमी दाखवतो. काटा बिघडलाय. त्याच काट्यावर ज्ञानूनं एकोणीस किलो वजन केलं होतं, तेव्हाच मला शंका आली होती. काट्याच्या दुरुस्तीला माणूस सांगितलाय. तोवर मालाबरोबरच्या चलनावर माझ्या इंटिग्रेशनचं वजन घालायचं. गंजक्या स्प्रिंगपेक्षा न्यूटनवर भरवसा ठेवावा.

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

ट्रक हुबळीला गेला! आठ नग, दर नगी दोनशे सहा. मी गेटापर्यंत चालत गेलो. बाळासोनं नमस्कार केला. ट्रकच्या ड्रायव्हरला केला असंही असेल.

घरी अण्णांनी चाचपत माझा हात धरला आणि म्हणाले, जमलं म्हणायचं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला. सासूबाईंनी, म्हणजे दानम्मांनी, होळग्या केल्या, त्यांच्याकडच्या पुरणपोळ्या. सहा खाल्ल्या. एरवी चौथीला त्यांची नजर वर जाते, आज गेली नाही.

गावी आईला पत्र टाकलं: एक तारखेपासून फौंड्री माझ्याकडं. जरा लवकर लिहिलं, पण टपालाला वेळ लागतो.

२१ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळ.

पवित्रा माझा सूट इस्त्रीला काढत होती. एक तारखेसाठी. मागची पट्टी तिच्या हाती लागली. म्हणाली, अहो, ज्ञानूमामांची आकसायची पट्टी इथं कशी?

ती हसायला लागली. सांगायला लागली की तिसरीत असताना तिची पट्टी हरवली, तर तिनं फौंड्रीतली असलीच एक लहान पट्टी उचलून शाळेत नेली. भूमितीच्या सगळ्या रेषा लांब आल्या. बाईंनी छडी मारली. रडत घरी आली तर अण्णांनी मांडीवर घेऊन समजावलं, बाळ, ही लोखंडाची पट्टी. लोखंड गार होताना शंभराला एक आकसतं, म्हणून ही तेवढी वाढवलेली. हिनं वहीत रेघ मारायची नाही.

तिसरीतली पोरगी. छडी एक, आणि समजलं.

संडासात जाऊन वहीत गुणाकार केला. चार शून्यंवाला आकडा एका डिग्रीचा असतो. रस गोठतो तेव्हापासून गार होईपर्यंत अकराशे डिग्री. ०.००००१२ गुणिले अकराशे. शंभराला एकाहून जरा जास्तच येतं.

गुणायचं राहिलं होतं.

बाहेर पवित्रा दार वाजवत होती. काय झालं, काय झालं. पोट, म्हणालो. होळग्या.

२२ नोव्हेंबर.

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. एक: हुबळीवाले मोजतीलच कशावरून. दोन: सातशेत सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, माझ्या पँटच्या मापात शिंपी याहून जास्त चुकतो. तीन: हुबळीला ऊन जास्त, माल थोडा फुगेल. किती फुगेल ते काढलं. उत्तर लिहीत नाही.

पवित्रानं दोनदा विचारलं, पट्टी घरी का आणली. दुरुस्तीला, म्हणालो. ती म्हणाली, पट्टीत काय दुरुस्त करतात? बायकांना नको तिथं तर्क सुचतो.

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

हुबळीचा फोन अण्णांनीच घेतला. डोळ्यावर पट्टी, कान चांगले. कन्नडमध्ये बोलणं झालं. मला घरातलं कन्नड कळतं, एवढं भरभर नाही. पण आकडे कळले. सहाशे त्र्याण्णव. आठही. वजन सहा सहा किलो कमी. मशिनच्या खोबणीत बसवून बघितलं तर आत हलतंय. परत पाठवतो म्हणाले.

अण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले, ज्ञानू असताना असं व्हायचं नाही. कापणीवरनं कधी येतोय तो?

सगळं सांगायला लागलं. सगळं म्हणजे बरंचसं. पवित्रानं उरलेलं सांगितलं.

या प्रकरणातले दोषी: ज्ञानू, कारण त्यानं नीट ठासून सांगितलं नाही. हंबीरराव, कारण हो म्हणाला. बाळासो, कारण नुसती मान हलवली. अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक. लुना. माझं गणित मात्र कुणी चुकीचं दाखवावं. दोन तृतीयांश आर घन. आजही तेच येतं.

२७ नोव्हेंबर.

आठही नग परत. अण्णांच्या डोळ्याची पट्टी काल निघाली, काळा गॉगल लावून फौंड्रीत आले. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. एका नगाच्या कडेवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी वाट बघत होतो. शिव्या घातल्या असत्या तर माझी उत्तरं तयार होती, रात्री पाठ करून ठेवली होती. ते नुसतं म्हणाले, ओतकाम चांगलं आलंय. मग बाळासोला घण आणायला सांगितला. फोडून परत भट्टीत.

बाळासो हसला नाही. कुणीच हसलं नाही. हे लोक ऐन वेळी हसत नाहीत.

२९ नोव्हेंबर, रविवार.

अण्णांनी सकाळीच जीप काढायला लावली. चला, म्हणाले. कुठं ते विचारलं नाही. राधानगरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा कळलं.

ज्ञानूचं घर शेताच्या कडेला. खरंच भात कापणी चालू होती. त्याची बायको बाळाबाई आमच्याकडं बघून आत गेली, चहा घेऊन आली. मला कान तुटलेला कप. मुद्दाम.

मला वाटलं अण्णा मला बोलायला सांगतील. मी वाक्य जुळवत होतो: झाल्या प्रकारात दोन्ही बाजूंनी काही गैरसमज. एवढ्यात सत्तरीचा माणूस उठला, गॉगल काढला, लाल झालेल्या डोळ्यानं ज्ञानूसमोर हात जोडले. म्हणाले, ज्ञानू, माझ्या घरातल्या माणसानं तुझं माप काढलं. माझी चूक आहे.

ज्ञानू चटकन त्यांचे हात धरून म्हणाला, अण्णा, असलं करू नगा. तुमी नुसता निरोप धाडला असता तर आलो असतो की.

माझ्याकडं दोघांनी बघितलं नाही. मी चहा पीत होतो. माझ्या वतीनं कुणी हात जोडतंय आणि मी बशीत चहा ओतून फुंकर घालतोय. कप खाली ठेवायचं सुचलं नाही. लाज वाटली. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, गणित तुमचं बरोबर होतं. त्यानं सांगितलं, विचारा म्हणून. विचारायला काय लागतं हो?

१ डिसेंबर.

सूट घातला नाही.

अण्णांनी किल्ल्या पवित्राच्या हातात दिल्या. देवासमोर, दानम्मांनी हळदकुंकू लावून. तिला नको होत्या. ती माझ्याकडं बघत राहिली, मी मला द्या म्हटलं असतं तर तिनं घेतल्या नसत्या. मी म्हटलं, घे. मोठेपणा दाखवला. मग गच्चीवर जाऊन बराच वेळ टाकीमागं उभा राहिलो.

आईचं पत्र आलं. गल्लीत पेढे वाटले म्हणे.

माझी सहा महिने ज्ञानूच्या हाताखाली नेमणूक. अण्णा म्हणाले, मग बघू. हे ट्रेनिंग आहे. परदेशात मोठमोठ्या कंपन्यांत मालकांची मुलं आधी खालून सुरुवात करतात.

२ डिसेंबर. दुपार.

साडेआठला हजर. हुबळीचा पॅटर्न ज्ञानू पुन्हा पहिल्यापासून करतोय, हंबीररावनं तासलेला कामाचा उरला नाही. चार तास रंध्याचा भुसा उचलला. त्यानं एकदाही हाक मारली नाही, एकदाही हाकलून दिलं नाही.

एक वाजता धीर केला. जवळ गेलो. म्हटलं, मिस्त्री, एक विचारायचं होतं. गोल बाजूला आणि सरळ बाजूला सारखंच आकसतं का?

प्रश्न चांगला होता. मला खरंच माहीत नव्हतं. रात्रीपासून घोकत होतो.

ज्ञानूनं हात झटकले, कोपऱ्यातला डबा घेतला. म्हणाला, आता जेवायची सुट्टी हाय. दोनला या.

केबिनमध्ये पवित्रा फोनवर होती. आत गेलो नाही. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. शेडच्या दाराशी उभा राहिलो.